१८२२ ची इलिनॉय गव्हर्नरपदाची निवडणूक: एडवर्ड कोल्स केवळ मतविभागणीमुळे निवडून आले का?

गोदाकाठ:

सर्वांना नमस्कार. मी पदवीच्या वर्गांना राज्यशास्त्र शिकवतो. ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, या पद्धतीचे गुणदोष समजावताना आपल्या निवडणुकांपलीकडची उदाहरणे शोधत असताना अमेरिकेतील इलिनॉय राज्याची १८२२ सालची गव्हर्नरपदाची निवडणूक माझ्या वाचनात आली आणि तेव्हापासून ती मनातून जात नाही. आपल्याकडे राज्यपालाची नेमणूक होते, तिथे गव्हर्नर हा मतदारांनी थेट निवडलेला राज्याचा कार्यकारी प्रमुख असतो. म्हणून मी मुद्दाम गव्हर्नर हाच शब्द ठेवतो आहे.

५ ऑगस्ट १८२२ रोजी झालेल्या या निवडणुकीत चार उमेदवार होते. एडवर्ड कोल्स यांना २,८५४, जोसेफ फिलिप्स यांना २,६८७, टॉमस ब्राऊन यांना २,४४३ आणि जेम्स मूर यांना ६२२ मते पडली. एकूण ८,६०६ मतांपैकी जेमतेम एकतृतीयांश मते मिळवून, अवघ्या १६७ मतांच्या आघाडीने कोल्स निवडून आले. ते गुलामगिरीचे उघड विरोधक होते. फिलिप्स आणि ब्राऊन हे दोघेही गुलामगिरीला अनुकूल समजले जात आणि त्यांच्या मतांची बेरीज ५,१३० होते, म्हणजे जवळपास साठ टक्के.

माझा प्रश्न असा, की बहुसंख्य मतदारांना गुलामगिरी हवी असताना केवळ दोन उमेदवारांत मते फुटल्यामुळे तिचा विरोधक सत्तेवर आला, असा निष्कर्ष यातून काढता येतो का? तो खरा असेल, तर त्याच राज्याच्या मतदारांनी दोनच वर्षांनी, ऑगस्ट १८२४ मध्ये, गुलामगिरीला वाट करून देणारा प्रस्ताव ६,६४० विरुद्ध ४,९७२ मतांनी कसा फेटाळला? विद्यार्थ्यांसमोर अर्धवट माहिती ठेवू नये असे वाटते, म्हणून विचारतो आहे.

जुनी_दप्तरे:

प्रश्न फार चांगला आहे, पण उत्तराआधी त्या वेळचे इलिनॉय डोळ्यांसमोर आणायला हवे, कारण आजच्या शिकागोवरून त्याची कल्पना येत नाही. १८१८ च्या डिसेंबरात राज्याचा दर्जा मिळालेल्या या प्रदेशाची लोकसंख्या १८२० च्या शिरगणतीत ५५,२११ भरली. वस्ती मुख्यतः दक्षिणेला, नद्यांच्या काठाने होती आणि बहुतेक लोक केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया अशा गुलामगिरीच्या राज्यांतून आलेले होते. ओहायो नदीच्या वायव्येकडील प्रदेशात गुलामगिरी नसेल, असे १७८७ च्या अध्यादेशाने ठरवून दिले होते. तरीही त्याच शिरगणतीत इलिनॉयमध्ये ९१७ गुलाम नोंदले गेले.

हे कसे, असे कोणीही विचारील. जुन्या फ्रेंच वसाहतींतील लोकांकडे पूर्वीपासून असलेले गुलाम त्यांच्याकडेच राहू दिले होते. दीर्घ मुदतीच्या करारावर अंगठा घेऊन माणसांना 'नोकर' म्हणून बांधून ठेवण्याची सोय कायद्याने केली होती. शिवाय शॉनीटाऊनजवळ खाऱ्या पाण्याच्या झऱ्यांचे पाणी कढयांत आटवून मीठ काढले जाई, त्या कामासाठी बाहेरच्या राज्यांतून भाड्याने गुलाम आणण्याची मुभा १८१८ च्या राज्यघटनेनेच १८२५ पर्यंत दिली होती. गुलामगिरी दाराबाहेर ठेवल्याचे कागदावर लिहिले होते आणि मागचे दार उघडे होते. १८२५ जवळ येत होते, म्हणून ते दार कायमचे उघडे करून घेण्याची घाई काही लोकांना झाली होती. त्यातच शेजारचे मिसुरी १८२१ मध्ये गुलामगिरीसह राज्य झाले. गुलाम बाळगणारी सधन कुटुंबे आपल्या गाड्या घेऊन इलिनॉय ओलांडत पुढे मिसुरीला जात आणि १८१९ च्या मंदीत अडकलेले, जमिनीला गिऱ्हाईक न मिळणारे इथले लोक ते पाहत राहत. 'आपल्याकडेही गुलाम चालत असते तर ही माणसे इथेच थांबली असती', ही भावना त्या गाड्यांमुळे पसरली.

आता उमेदवारांकडे पाहा. फिलिप्स हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते आणि ब्राऊन त्याच न्यायालयाचे न्यायाधीश. मूर हे लष्करी पेशाचे, मिलिशियातील (नागरिकांच्या स्थानिक सैन्यदलातील) अधिकारी. कोल्स सर्वांत नवखे, इलिनॉयमध्ये येऊन त्यांना उणीपुरी तीन वर्षे झाली होती. मात्र राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांचे खासगी सचिव म्हणून त्यांनी काम केले होते, आणि इलिनॉयमध्ये एडवर्ड्सव्हिल येथील सरकारी जमीन कार्यालयाचे ते निबंधक होते. या शेवटच्या गोष्टीकडे अभ्यासकांचे थोडे दुर्लक्ष होते असे मला वाटते. १८२० च्या कायद्याने सरकारी जमीन उधारीवर देणे बंद झाले होते. सव्वा डॉलर एकर दराने किमान ८० एकर, म्हणजे रोख १०० डॉलर मोजल्याशिवाय जमीन मिळत नसे. नव्या वस्तीकराच्या आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार ज्या मेजावर होई, त्या मेजापलीकडे कोल्स बसलेले असत. पक्ष नीट बांधले गेले नव्हते अशा काळात ही ओळख मोलाची होती.

तेव्हा मतविभागणी झाली हे खरे, पण तेवढ्याने कोल्स यांची २,८५४ मते कुठून आली ते कळत नाही.

मतमोजणी:

'जुनी_दप्तरे' यांनी पार्श्वभूमी उत्तम मांडली आहे. मला मूळ प्रश्नातल्या बेरजेविषयी लिहायचे आहे, कारण ती बेरीज करण्याचा मोह आपल्याकडेही प्रत्येक निकालानंतर होतो आणि ती बहुतेक वेळा फसवी असते.

फिलिप्स आणि ब्राऊन यांची मते एकत्र धरायची, तर त्या सर्व मतदारांनी गुलामगिरी हा एकच प्रश्न डोळ्यांसमोर ठेवून मत दिले असे मानावे लागते. प्रत्यक्षात त्या काळचे इलिनॉयचे राजकारण दोन नेत्यांच्या गटांत विभागलेले होते, एक निनियन एडवर्ड्स यांचा आणि दुसरा जेसी टॉमस यांचा. फिलिप्स हे टॉमस गटाचे, ब्राऊन एडवर्ड्स गटाच्या जवळचे. ब्राऊन शॉनीटाऊनचे असल्यामुळे त्या बाजूची मते त्यांना आपला माणूस म्हणून मिळणे स्वाभाविक होते. ब्राऊन उभे राहिले नसते तर ती सगळी मते फिलिप्स यांच्याकडे गेली असती, हे गृहीतक म्हणूनच मला पटत नाही. आपल्या गटाच्या वैऱ्याला मत देण्यापेक्षा त्यांतले पुष्कळ लोक तिसरीकडे वळले असते किंवा घरी बसले असते.

याहून भक्कम पुरावा त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात आहे. इलिनॉयचा अमेरिकी प्रतिनिधिगृहातील एकमेव सदस्य त्याच निवडणुकीत निवडला गेला आणि तिथे डॅनियल पोप कुक यांनी जॉन मॅक्लेन यांना स्पष्ट बहुमताने हरवले. मिसुरीला गुलामगिरीसह राज्य म्हणून घेण्यास कुक यांनी विरोध केला होता, मॅक्लेन यांनी तिची बाजू घेतली होती. साठ टक्के मतदार गुलामगिरीच्या बाजूने ठाम असते, तर त्याच दिवशी त्याच मतदारांनी कुक यांना निवडले नसते. तिसरा पुरावा उलट दिशेचा आहे आणि तोही लपवू नये: त्याच निवडणुकीत राज्याच्या विधिमंडळावर मात्र गुलामगिरीला अनुकूल असलेल्यांचे वर्चस्व प्रस्थापित झाले आणि लेफ्टनंट गव्हर्नरपदी, म्हणजे गव्हर्नरच्या खालोखालच्या पदावर, त्याच मताचे अ‍ॅडॉल्फस हबर्ड निवडून आले. एकाच मतदानातून तीन दिशांचे तीन कौल निघाले. याचा अर्थ मी असा लावतो, की १८२२ मध्ये गुलामगिरीचा प्रश्न मतदारांसमोर 'हो की नाही' अशा स्वरूपात कोणी ठेवलेलाच नव्हता.

वर्गात सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. इलिनॉयच्या घटनेत 'सर्वाधिक मते मिळवणारा गव्हर्नर होईल' एवढेच लिहिले होते. मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या घटनेत मात्र गव्हर्नरला निम्म्याहून जास्त मते मिळणे बंधनकारक होते आणि ती कोणालाच मिळाली नाहीत, तर निवड विधिमंडळाकडे जाई. तोच नियम इलिनॉयमध्ये असता, तर हा निर्णय त्याच गुलामगिरी-अनुकूल विधिमंडळाच्या हाती गेला असता आणि कोल्स गव्हर्नर होण्याची शक्यता फारच थोडी उरली असती. म्हणजे उमेदवारांच्या संख्येइतकाच घटनेतला हा नियमही निर्णायक ठरला.

गोदाकाठ:

आपणा दोघांचे मनापासून आभार. कुक यांचा निकाल माझ्या नजरेतून पूर्ण सुटला होता. बेरजेचा मोह मलाही झाला हे मान्य करतो. आता पुढचे कुतूहल: विधिमंडळ विरोधात, लेफ्टनंट गव्हर्नर विरोधात, जेमतेम एकतृतीयांश मते पाठीशी. अशा गव्हर्नरला प्रत्यक्षात काय करता आले?

शिकागोजवळून:

मी गेली बारा वर्षे इलिनॉयमध्ये राहतो, म्हणून या प्रश्नाचे उत्तर लिहिताना थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे. मागच्या वर्षी आम्ही गाडीने व्हँडेलियाला गेलो होतो, जिथे तेव्हा राज्याची राजधानी होती. तिथे आज जे पांढरे जुने विधिमंडळ भवन दाखवतात ते १८३६ चे आहे. कोल्स यांच्या काळातले पहिले भवन १८२३ च्या अखेरीस आगीत गेले. तरीही 'नॅशनल रोड' या जुन्या महामार्गाच्या त्या टोकाला उभे राहिल्यावर गाव किती लहान असेल आणि रात्री कोणी रस्त्यावर आरडाओरडा केला, तर तो घराघरांत कसा पोहोचला असेल, हे जाणवते.

कोल्स यांनी डिसेंबर १८२२ मध्ये पदग्रहणाच्या भाषणातच प्रश्नाला हात घातला. राज्यात उरलेली गुलामगिरी संपवा, स्वतंत्र कृष्णवर्णीयांना छळणारे कायदे बदला आणि त्यांना पळवून नेऊन विकणाऱ्यांना कडक शिक्षा करा, अशी मागणी त्यांनी विधिमंडळापुढे ठेवली. ज्यांच्यापुढे ठेवली त्यांनी तिचे उत्तर म्हणून नवी राज्यघटना लिहिण्यासाठी परिषद बोलावण्याची तयारी सुरू केली. परिषद म्हणजे गुलामगिरीला दार उघडणे, हे कोणालाही सांगावे लागत नव्हते. काही जण म्हणतात की कोल्स यांनी हा विषय इतक्या लवकर काढलाच नसता, तर वादळ टळले असते. मला ते पटत नाही. वादळ येणारच होते, ते आधी बोलले एवढेच.

परिषदेचा ठराव मतदारांपुढे नेण्यासाठी दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते लागत. सिनेटमध्ये १८ पैकी १२ मिळाली. कनिष्ठ सभागृहात ३६ पैकी २४ हवी होती आणि फेब्रुवारी १८२३ मध्ये नेमके एक मत कमी पडले, कारण पाइक परगण्याचे निकोलस हॅन्सन यांनी विरोधात मत दिले. त्या जागेवर जॉन शॉ यांनीही हक्क सांगितला होता, पण तो वाद अधिवेशनाच्या सुरुवातीलाच हॅन्सन यांच्या बाजूने मिटला होता. बहुमतवाल्यांनी आपणच दिलेला निर्णय पुन्हा उघडला, हॅन्सन यांना बाहेर काढले, शॉ यांना त्यांच्या जागी बसवले आणि शॉ यांच्या मताने २४ चा आकडा पूर्ण केला. त्या रात्री पत्र्याची शिंगे फुंकत, ढोल आणि पत्र्याची भांडी बडवत मिरवणूक निघाली आणि ती गव्हर्नरच्या राहत्या जागेसमोर आणि विरोधी सदस्य उतरले होते त्या खाणावळींसमोर धिंगाणा घालून गेली. त्या मिरवणुकीच्या अग्रभागी असलेल्यांत जोसेफ फिलिप्स होते. सहाच महिन्यांपूर्वी १६७ मतांनी हरलेले हे गृहस्थ, काही काळापूर्वीचे मुख्य न्यायाधीश. मी ही नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

आपल्या प्रश्नाचे उत्तर असे आहे, की कोल्स यांना नकाराधिकारसुद्धा एकट्याने वापरता येत नव्हता. तो गव्हर्नर आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश मिळून वापरत आणि साध्या बहुमताने तो मोडता येई. त्यांच्या हाती उरले ते त्यांचे नाव, त्यांचे पत्रव्यवहार आणि त्यांचा पगार. वर्षाला १,००० डॉलर याप्रमाणे चार वर्षांचे ४,००० डॉलर त्यांनी परिषदेविरुद्धच्या प्रचारासाठी खर्च केले. व्हँडेलियाचे एक वृत्तपत्र सहकाऱ्यांसह विकत घेतले. पूर्वेकडील ओळखीच्या लोकांकडून पत्रके छापून मागवली. मॉरिस बर्कबेक हे इंग्रज वस्तीकर 'जोनाथन फ्रीमन' या टोपणनावाने साध्या शेतकऱ्याच्या तोंडी घातलेली पत्रे वृत्तपत्रांत लिहू लागले. जॉन मेसन पेक हे बाप्टिस्ट धर्मोपदेशक घोड्यावरून गावोगाव फिरून लोकांना संघटित करू लागले. घटनेप्रमाणे मतदान पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीतच घ्यायचे होते, म्हणजे हाती जवळजवळ अठरा महिने होते आणि परिषदवाल्यांनी घाईने मारलेली बाजी या अठरा महिन्यांत त्यांच्यावरच उलटली. हॅन्सन यांच्यावर झालेला अन्याय ज्यांना गुलामगिरीशी काही देणेघेणे नव्हते, अशा लोकांनाही झोंबला.

२ ऑगस्ट १८२४ रोजी ११,६१२ लोकांनी या प्रश्नावर मत दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झाले, तेव्हा इलिनॉयमध्ये त्याच्या निम्मेही लोक आले नाहीत. कोणता प्रश्न लोकांना आपला वाटला, हे यावरून दिसते.

जुनी_दप्तरे:

'शिकागोजवळून' यांच्या उत्तराला एक महत्त्वाची पुस्ती जोडतो, नाहीतर विद्यार्थ्यांसमोर फार उजळ चित्र उभे राहील. परिषदेविरुद्ध मत देणारे सगळेच कृष्णवर्णीयांना समान मानणारे नव्हते. अनेकांना गुलामांच्या मालकांची स्पर्धा नको होती, अनेकांना कृष्णवर्णीय माणसे शेजारीच नको होती. मतदानाचा हक्क केवळ गोऱ्या पुरुषांना होता, त्यामुळे ज्यांच्या आयुष्याचा हा प्रश्न होता त्यांचे एकही मत ना १८२२ मध्ये मोजले गेले, ना १८२४ मध्ये. कोल्स यांनी बदलायला सांगितलेले कृष्णवर्णीयांविरुद्धचे कायदे या विजयानंतरही कायम राहिले आणि १८६५ पर्यंत टिकले.

म्हणूनच कोल्स वेगळे उठून दिसतात. व्हर्जिनियातील जमीनदार घराण्यात जन्मलेल्या या माणसाला कॉलेजात शिकतानाच पटले होते, की माणसाने माणसाचे मालक होणे समर्थनीय नाही. १८१४ मध्ये त्यांनी थेट माजी राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांना पत्र लिहून व्हर्जिनियातील गुलामगिरी संपवण्यासाठी पुढाकार घेण्याची विनंती केली. हे काम तरुणांचे आहे, असे सांगून जेफर्सन यांनी ती टाळली. १८१९ च्या वसंतात वारशाने आलेल्या गुलामांना घेऊन ते व्हर्जिनियातून निघाले. सपाट तळाच्या होड्यांतून ओहायो नदीत उतरल्यावर पिट्सबर्गच्या थोडे पुढे त्यांनी होड्या एकमेकींना बांधायला लावल्या, सर्वांना एकत्र बोलावले आणि सांगितले, की या क्षणापासून तुम्ही माझ्याइतकेच स्वतंत्र आहात, हवे तर माझ्याबरोबर चला, हवे तर किनाऱ्यावर उतरा. कोल्स यांनी पुढे लिहून ठेवले आहे, की काही वेळ कोणाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. एडवर्ड्सव्हिलजवळ त्यांनी प्रत्येक कुटुंबप्रमुखाला १६० एकर जमीन दिली.

आपल्याकडच्या वाचकांना इथे १८७३ आठवेल. त्या वर्षी जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. ती अर्पणपत्रिका वाचताना लिंकन यांचे नाव मनात येणे साहजिक आहे. मला आता तिथे या होड्याही दिसतात.

गोदाकाठ:

जमीन दिली आणि मुक्तीही दिली, तरी त्यांच्यावर याच कारणासाठी खटला झाला असे कुठेतरी वाचले होते. ते खरे आहे का?

मतमोजणी:

खरे आहे, आणि त्याची तारीख पाहिली म्हणजे त्यामागचा हेतू लपत नाही. मार्च १८१९ च्या एका कायद्याप्रमाणे, मुक्त करण्यासाठी गुलाम राज्यात आणणाऱ्याने प्रत्येकामागे १,००० डॉलरचे हमीपत्र द्यायचे होते, नाहीतर माणशी २०० डॉलर दंड. कोल्स आपल्या माणसांना घेऊन आले तेव्हा हा कायदा छापून प्रसिद्धही झालेला नव्हता. पाच वर्षे कोणी त्याविषयी बोलले नाही. परिषदेचा वाद पेटल्यावर त्यांच्याच परगण्याने हा दावा उभा केला आणि १८२४ च्या मतदानानंतर लगेचच दहा माणसांबद्दल २,००० डॉलरचा निकाल त्यांच्याविरुद्ध लागला. १८२५ च्या आरंभी विधिमंडळाने असे दंड माफ करणारा कायदा केला, तरी खालच्या न्यायाधीशांनी तो लागू करण्यास नकार दिला. शेवटी १८२६ मध्ये, कोल्स यांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षी, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला.

मध्यंतरी १८२५ मध्ये ते काही काळ राज्याबाहेर गेले असता लेफ्टनंट गव्हर्नर हबर्ड यांनी, गव्हर्नर बाहेर गेले म्हणजे पद रिकामे झाले असा दावा करून खुर्ची सोडण्यास नकार दिला. तेही प्रकरण न्यायालयात गेले आणि हबर्ड यांच्या बाजूने निकाल लागला नाही.

घटनेप्रमाणे गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता येत नसे. १८३१ मध्ये कोल्स अमेरिकी काँग्रेसच्या (राष्ट्रीय संसदेच्या) निवडणुकीत हरले आणि पुढच्या वर्षी कायमचे फिलाडेल्फियाला गेले. १८६८ मध्ये तिथेच ते वारले, तेव्हा देशातली गुलामगिरी संपून अडीच वर्षे झाली होती. त्यांचा एक मुलगा मात्र व्हर्जिनियात स्थायिक झाला होता. तो १८६२ मध्ये, अमेरिकी यादवी युद्धातील रोअनोक बेटाच्या लढाईत, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या सैन्यातून लढताना मारला गेला.